नातीला ‘सार्वजनिक आरोग्य’ शिकायचे आहे

‘मला सार्वजनिक आरोग्य शिकायचे आहे,’ असे नात म्हणाली, की आपला पहिला प्रश्न असतो, ‘म्हणजे डॉक्टर होणार ना?’ ती ‘नाही’ म्हणते आणि घर काळजीत पडते. ज्येष्ठांनो, मत देण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्याकडे पाहू या.

मुदखेड जंक्शनवरून एक रेल्वेमार्ग किनवटकडे जातो. नांदेड जिल्ह्याच्या त्या भागात काही गावांच्या भूजलात फ्लोराईडचे प्रमाण अधिक आढळले आहे. असे पाणी बालवयात पोटात गेल्यास कायमचे दात डागाळलेलेच उगवतात. वर्षानुवर्षे जात राहिल्यास पाठ ताठरते, सांधे आखडतात. घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ डॉक्टर वेदना कमी करतात. परंतु रुग्ण घरी येऊन पुन्हा तेच पाणी पितो.

येथे एकटे वैद्यकशास्त्र पुरत नाही. फ्लोराईड कोणत्या खडकातून आले, हे भूगर्भशास्त्र सांगते. त्याचे प्रमाण रसायनशास्त्र मोजते. कोणत्या वस्तीत किती जणांना त्रास आहे, हे संख्याशास्त्र दाखवते. पर्यायी पाण्याचा खर्च अर्थशास्त्र मांडते. आणि ते दुरून कोणी वाहून आणायचे, हा प्रश्न समाजशास्त्राचा. या साऱ्यांची सांगड घालणे म्हणजेच सार्वजनिक आरोग्य. म्हणूनच मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण केवळ डॉक्टरांपुरते राखलेले नाही.

तेव्हा नातीला अडवू नये. मात्र तीन गोष्टींची चौकशी अवश्य करावी. अभ्यासक्रमाला मान्यता आहे का? प्रत्यक्ष गावांत काम करण्याची संधी मिळते का? आधीचे विद्यार्थी आज कोठे काम करतात?

तिच्या अभ्यासाची सुरुवात घरातूनच होऊ द्या. पूर्वी कोणत्या विहिरीचे पाणी पीत होतो, बोअर कधी घेतला, हे तिला सांगा. बोअरचे पाणी शासकीय प्रयोगशाळेत तपासून घ्या. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड योग्य. दुसरा स्रोत नसेल, तरच १.५ पर्यंत चालते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही, हे सांभाळ करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

प्रत्येक पाठदुखी पाण्यामुळे नसते. निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. परंतु ‘वय झाले’ म्हणून थांबण्याऐवजी ‘असे का झाले?’ हे विचारणारे कोणी घरात असेल, तर तिला शिकू द्यावे.