बमरोलीचा बंप आणि वॅगनचे पोट

सुरतेच्या बमरोलीत घरात गाडी घ्यायचे ठरले की चर्चा फार लांबत नाही. चार मीटरच्या आतली उंच गाडी, जमल्यास सीएनजी, रंग पांढरा. धुळे, जळगाव, नंदुरबारहून पांडेसरा जीआयडीसीच्या डाईंग-प्रिंटिंग मिलांत नि उधन्याच्या लूमवर कामाला आलेल्या खानदेशी कुटुंबांची इथे आता दुसरी-तिसरी पिढी नांदते आहे. दुचाकीवरून चारचाकीवर येताना त्यांनी हाच रस्ता धरला. घरातल्या पोराच्या मोबाइलवर मात्र भलतीच गाडी धावत असते: बुटकी, लांबलचक, मागून पेटाऱ्यासारखी आणि बोनेटखाली आठ सिलिंडर. ‘गाडी कोनती लेवानी?’ यावर बापलेकांचे एकमत होणे अवघडच. बाप जिंकतो, कारण हप्ते तो भरणार असतो. पण पोराच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे.

सेडानचे छत थेट मागच्या दारापर्यंत नेले की वॅगन झाली. युरोपात ही संसारी माणसाची गाडी. १९९४ मध्ये आउडीने पोर्शेच्या मदतीने आरएस २ अवांत काढली आणि तिच्यात ३१५ अश्वशक्तीचे पाच सिलिंडरचे इंजिन घातले. मुलांना शाळेत सोडणारी गाडी त्या दिवसापासून शर्यतीच्या गाड्यांना दम देऊ लागली. तिचीच वारसदार आरएस ६ अवांत २०१५ मध्ये भारतात आली: ५६० अश्वशक्ती, शून्य ते शंभर ३.९ सेकंदांत, शोरूमची किंमत १ कोटी ३५ लाख. त्या पैशांत कॉम्पॅक्ट एसयूव्ही डझनाने आल्या असत्या. तेव्हा तुलना पैशांची करण्यात अर्थ नाही. ती गाडीच्या घडणीची करावी, कारण तीच घडण साध्या इंजिनासह आपल्याकडेही विकली गेली आहे.

किंबहुना हा सामना पुण्यात एकदा होऊन गेला आहे. टेल्को म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने आपल्या पिकअपच्या सांगाड्यावर १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये इस्टेट अशा दोन गाड्या उभ्या केल्या. सांगाडा एक, दोन लिटरचे डिझेल इंजिनही एकच; एक उंच आणि रुबाबदार, दुसरी लांब आणि सोशिक. वेगाचे नाव दोघींनीही काढू नये. खप दोघींचाही बेताचा राहिला. पण सिएरा लोकांच्या आठवणीत राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते नाव नव्या गाडीवर परत आले, इस्टेटची आठवण मात्र कुणाला झाली नाही. पुढे बलेनो अल्तुरा, इंडिगो मरिना, स्कोडाची ऑक्टाविया कॉम्बी अशा वॅगन आल्या नि गेल्या. आपल्या गिऱ्हाइकाला मागे डबा जोडलेली गाडी कामाची वाटली, पण मानाची वाटली नाही. माझ्या मते वॅगन इथे पडली ती आधी याच कारणाने, खड्डे नंतर आले.

आता खड्ड्यांकडे, किंवा खरे तर बंपाकडे येऊ. गतिरोधकाला सुरतेत बंप म्हणतात. वॅगनविरुद्धचा पहिला आक्षेप तोच असतो: पोट घासेल. इथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमांतला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा एक तुकडा. आरएस ६ सारख्या वॅगनच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २.९ मीटर अंतर असते. गाडी बंपाच्या ऐन मध्यावर आली तरी तिची चारही चाके बंपाच्या उतारावरच असतात, म्हणजे चाकांबरोबर गाडीही वर उचललेली असते. तिच्या पोटाखाली बंप जेमतेम ६ सेंटिमीटर वर येतो. वेगवान वॅगनचे पोट जमिनीपासून साधारण १२ सेंटिमीटरवर असते. पाच माणसांच्या नि सामानाच्या वजनाने ती तीन-चार सेंटिमीटर खाली बसली, तरीही ती निसटते. नियमाने बांधलेला बंप बुटक्या गाडीलाही सोडून देतो.

पण बमरोलीतले रो-हाऊसवाले नियमाचे पुस्तक घेऊन बंप बांधत नाहीत. गल्लीतून पोरे बाइक पिटाळतात म्हणून रातोरात सिमेंटचा एक बांध घातला जातो, हातभर रुंद आणि वीतभर उंच. त्यावर पुढची चाके चढून उतरतात, मागची अजून लांब असतात, आणि बांधाची सगळी उंची मधल्या पोटाला भिडते. १५ सेंटिमीटरच्या बांधासमोर १२ सेंटिमीटरचे पोट काय करणार? इथे नेक्सॉन किंवा ब्रेझा या कॉम्पॅक्ट एसयूव्हींच्या पोटाखालचे अनुक्रमे २०८ आणि १९८ मिलिमीटर कामी येतात. उंच गाडीला या गल्लीत मत मिळते ते नकाशा न पाहता घातलेल्या या सिमेंटमुळे. कंपनीच्या जाहिरातीत मात्र तीच गाडी हिमालयात फिरत असते.

दुसरा मुद्दा पाण्याचा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, त्याची आठवण सगळ्यांना आहे. पण या भागातल्या लोकांना दर पावसाळ्यात धास्ती असते ती खाडीपुराची. उंच गाडी घोटाभर पाण्यातून निवांत जाते, वॅगनचा बंपर त्याच पाण्याला नांगरत जातो. एवढा फरक खरा. मात्र एसयूव्ही घेतली म्हणजे होडी घेतली असे नाही. इंजिनात हवा ज्या तोंडातून जाते तिथे पाणी पोहोचले की सिलिंडरमध्ये पाणी दाबले जाऊ शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचे कलम वेगळे घ्यावे लागते. बंद पडलेल्या गाडीला पाण्यात उभी असताना पुन्हा स्टार्टर मारू नये, हे तर दोन्ही गाड्यांना लागू.

गावी जायला निघाले की पारडे फिरते. बमरोलीतल्या कुटुंबासाठी लांबचा प्रवास म्हणजे मुख्यतः बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट आणि साक्रीवरून धुळे. घाटात पुढे ट्रक असतो, वळण असते, मागच्या सीटवर आजी झोपलेली असते. वळणावर गाडी उलटण्याचा धोका किती हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर आणि वजनाचा मध्य किती उंचावर आहे. चाकांमधले अंतर मध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की एक आकडा मिळतो. तो जितका मोठा तितकी गाडी उलटायला अवघड. अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था साध्या मोटारींना १.३ ते १.५ आणि उंच एसयूव्हींना १.० ते १.३ असा आकडा देते. वॅगन पहिल्या गटातली. वळणात ती कमी झुकते, प्रवाशांची डोकी इकडून तिकडे कमी हलतात, पोरांना उलट्या कमी होतात. शंभरच्या पुढे हवेचा अडथळाही बुटक्या गाडीला कमी.

आणि सामान. कानबाईच्या सणाला किंवा लग्नाला गावी गेलेली गाडी परतताना ज्वारीचे पोते, उडीद, कळण्याचे पीठ, पापडांचे डबे घेऊन येते. ब्रेझाची डिकी ३२८ लिटरची, नव्या नेक्सॉनची ३८२, आरएस ६ अवांतची ५६५. मागची सीट पाडली तर १,६८० लिटर. शिवाय वॅगनची डिकी गुडघ्याच्या थोडी वर उघडते, पोते ढकलले की आत. एसयूव्हीत ते कमरेपर्यंत उचलावे लागते. सुरतेत बहुतेकांना हवा असलेला सीएनजीचा सिलिंडर याच डिकीत बसतो, तेव्हा ब्रेझात एक पिशवी ठेवायला तरी जागा शोधावी लागते. टाटांनी नेक्सॉनमध्ये दोन लहान सिलिंडर तळाशी बसवून ३२१ लिटर जागा वाचवली. रोजच्या वापरासाठी मला ही करामत आठ सिलिंडरच्या इंजिनापेक्षा मोठी वाटते.

उंच गाडीला एक गोष्ट मात्र मनापासून द्यायला हवी: बसणे-उठणे. गुडघे धरलेल्या माणसाला तिच्या सीटवर नुसते टेकायचे असते, वॅगनमध्ये उतरावे लागते आणि निघताना दाराला धरून वर यावे लागते. आजी-आजोबा घरात असतील तर ही एकच बाब बाकी सगळ्या आकड्यांवर मात करते.

वेगाचे काय? पांडेसऱ्याच्या सिग्नलवर टेम्पो, ताक्यांच्या गाठी लादलेल्या तीनचाकी आणि शेअर रिक्षा यांच्यामध्ये ५६० अश्वशक्तीला पहिल्या-दुसऱ्या गियरच्या पलीकडे काम नाही. रात्री डुमस रोडवर ती शक्ती काढणारे असतात. त्यांच्या वाटेला न गेलेले बरे. आज १.२ लिटरच्या टर्बो इंजिनातून कॉम्पॅक्ट एसयूव्ही १२० ते १३० अश्वशक्ती काढते. वीस वर्षांपूर्वी ऑक्टाविया आरएसच्या १५० अश्वशक्तीचे आपण कौतुक करत होतो. ट्रकला मागे टाकायला एवढी ताकद भरपूर झाली.

राहिला कर. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना सवलत दिली आणि तेव्हापासून आपल्या गाड्यांचे आकार फूटपट्टीने ठरू लागले. नेक्सॉन ३,९९५ मिलिमीटर लांब आहे तो योगायोग नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून लांब किंवा मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर ४० टक्के. वॅगनचा अर्थच लांबी. चार मीटरच्या आत ती हॅचबॅक होऊन बसते. तेव्हा मध्यम किमतीची वॅगन इथे कुणी का काढत नाही, याचे उत्तर या २२ टक्क्यांच्या फरकात बरेचसे सापडते.

बापाने पांढरी एसयूव्ही घ्यावी, बमरोलीसाठी तीच योग्य. फक्त बुकिंगच्या आधी आपल्या गल्लीतल्या बांधाची उंची टेपने मोजावी. तो ८ सेंटिमीटरच्या आत भरला, घरात गुडघेदुखी नसली आणि गावच्या फेऱ्या वर्षाला बऱ्याच होत असल्या, तर पोराला जुन्या बाजारात एखादी नीट ठेवलेली कॉम्बी बघायला पाठवायला हरकत नाही. सोबत स्कोडाचे काम येणारा मेकॅनिक द्यावा. त्या वयाच्या गाडीचे सुटे भाग मिळवणे हे घाट उतरण्यापेक्षा जिकिरीचे आहे.