पुलाच्या पायाशी काय घडते?

कर्वेनगरहून सिंहगडाला जाताना राजाराम पुलावरून मुठा ओलांडावी लागते. डोंगराळ मुलखाची वाट बहुधा अशीच एखाद्या पुलावरून जाते. महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूलही असाच. मुंबईकडून येणारा रस्ता तो ओलांडून पोलादपूरला पोहोचतो आणि तिथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरची चढण सुरू होते. सावित्रीचा उगमही महाबळेश्वरचाच.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. एस.टी.च्या दोन गाड्या व इतर वाहने वाहून गेली. अनेकांचे प्राण गेले. जड वाहने पेलणारे पूल पाण्याने कसे पडतात? पुरात पडणाऱ्या पुलांबाबत एक कारण जगभर वारंवार आढळते. ते पाण्याखाली, पायाशी असते.

खांबांमुळे नदीची वाट अरुंद होते, म्हणून तिथे पाण्याचा वेग वाढतो. शिवाय खांबावर आपटलेले पाणी खाली वळते आणि पायथ्याशी भोवरा तयार होतो. हा भोवरा तळची वाळू-माती उकरून काढतो.

वेग दुप्पट झाला तर काय होईल? पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे पूर्वीच्या चौपट व्यासाचा, म्हणजेच ६४ पट वजनाचा दगडही हलू शकतो! पाया उघडा पडून एक खांब खचला, की शेजारच्या कमानींचा आधारही जातो, कारण कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात.

हे वर्गात करून पाहा. एका परातीत ओली वाळू पसरा, तिच्यात एक जाड पेन उभे रोवा आणि परात थोडी तिरपी करून वरच्या बाजूने पाणी सोडा. खड्डा आधी कोणत्या बाजूला पडतो? गोल पेनाऐवजी चौकोनी ठोकळा रोवला तर?

आता पाण्याची धार हळूहळू कमी करा. खड्ड्यात थोडी वाळू परत येऊन बसेल. नदीतही पूर ओसरताना असेच होते. खड्डा सैल गाळाने भरतो आणि पूल वरून धडधाकट दिसतो. म्हणूनच पाया खडकात किंवा अशा खड्ड्याच्या तळापेक्षाही खोल न्यावा लागतो, पुरानंतर पाण्याखालची तपासणी करावी लागते आणि पूर चढलेला असताना पुलावरची वाहतूक वेळीच थांबवावी लागते.

सावित्रीवरचा नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. तुमच्या गावच्या पुलाचे खांब कोणत्या आकाराचे आहेत? उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना, मुलांना घेऊन पाहून या.