जुन्या गाण्यांची वहिवाट

२००८ आणि २००९ या दोन वर्षांच्या सांध्यावर झी मराठी वाहिनीवर 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'चे पर्व चालू होते, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी आपल्या सायंकाळचा क्रम त्या कार्यक्रमाच्या वेळेशी जुळवून घेतला होता, हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर आणि लातूरचा रोहित राऊत ही पाच मुले अखेरच्या फेरीपर्यंत पोहोचली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकीने ते पर्व जिंकले. परंतु कोण जिंकले यापेक्षा काय गायिले गेले ही बाब मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. कारण या मुलांनी ज्या गाण्यांवर रसिकांचे प्रेम आणि परीक्षकांकडून 'वरचा सा' मिळवला, त्यांतील बहुतेक गाणी त्यांच्या आईवडिलांच्याही जन्माआधीची होती. काही अभंग होते, काही गवळणी होत्या, काही नाट्यपदे होती, आणि उरलेली बहुतांशी आकाशवाणी व ध्वनिमुद्रिका यांच्या भरभराटीच्या काळातली भावगीते व चित्रपटगीते होती. परीक्षकांच्या आसनांवर त्या वेळी अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत बसत असत. 'ऐका दाजीबा'ने या शतकाच्या आरंभी मराठी गाण्याला अगदी नव्या ढंगाची लोकप्रियता मिळवून दिली ती याच दोघांच्या जोडीने. आणि तरीही त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांची खरी परीक्षा जुन्या गाण्यावरच होत होती.

या प्रकाराला स्मरणरंजन म्हणून मोकळे होण्याची प्रथा आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी या रंजनाचा काही हिशेबही मांडलेला आहे. हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की माणसाला जन्मभर सर्वाधिक प्रिय वाटणारी गाणी सामान्यतः त्याच्या वयाच्या सुमारे साडेतेविसाव्या वर्षाच्या आसपास लोकप्रिय असलेली असतात. साठी ओलांडलेल्या प्रेक्षकाचे डोळे एखाद्या जुन्या मुखड्याने का पाणावतात, याचा उलगडा एवढ्याने होतो. पण ज्या मुलीने ते गाणे गायिले तिला तर कोणताही गतकाळ आठवण्याजोगा नाही, तिचे काय? त्याचे उत्तर २०१३ साली कॅरोल क्रुमहान्सल यांनी आपल्या सहकाऱ्यासह केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सापडते. महाविद्यालयीन तरुणांना त्यांनी पूर्वीच्या पाच दशकांतील लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा त्या तरुणांच्या मनात स्वतःच्या काळातील गाण्यांखेरीज आईवडिलांच्या तारुण्यातील गाण्यांविषयीही विशेष ओढ दिसून आली, आणि त्याहीमागे, १९६० नंतरच्या दशकातील गाण्यांपाशी, आणखी एक उंचवटा आढळला. बालपणी घरात जे वाजत असते ते मुलाच्या मनात त्याच्या नकळत जमा होत राहते. म्हणून या स्पर्धांतील मुलांच्या गाण्याला स्मरणरंजन म्हणण्यापेक्षा वारसा म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते.

मराठी घरात हा वारसा मुख्यतः रेडिओने पोहोचवला. १९३० नंतरच्या काही वर्षांत जी. एन. जोशी यांनी मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ध्वनिमुद्रिकेवर गायिली आणि कविता छापील पानावरून उठून सर्वसामान्यांच्या ओठांवर येऊ शकते, याचा प्रत्यय महाराष्ट्राला आला. गजाननराव वाटवे यांनी पुढे अशी गायिलेली कविता सार्वजनिक व्यासपीठांवर नेली. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले आणि १९५५च्या रामनवमीपासून त्या केंद्राने ग. दि. माडगूळकरांचे शब्द व सुधीर फडके यांचे संगीत यांनी घडलेले 'गीतरामायण' प्रक्षेपित करण्यास आरंभ केला. दर आठवड्यास एक नवे गीत, आणि त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे एकंदर छप्पन्न गीते, असा तो क्रम होता. आज दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत एखादा मुलगा त्यांतील एक गीत तयारीने गातो, तेव्हा आपण त्याच्या गळ्याचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे; परंतु एका सरकारी खात्याने एका कवीस व एका संगीतकारास वर्षभर दर आठवड्यास नवी रचना करण्याचे काम सोपवले आणि त्या दोघांनी ते मुदतीत पार पाडले, ही गोष्ट त्या कौतुकात कोठेही नोंदली जात नाही. मुंबई केंद्रावरील 'भावसरगम' हा कार्यक्रमही असाच नव्या गीतांचा उगम होता. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, यशवंत देव, अरुण दाते ही नावे एकमेकांशी जोडली गेली ती आकाशवाणीच्या याच वातावरणात. जुनी गाणी आपोआप उगवली नाहीत. ती मागवून, कसून बसवून, ठरल्या दिवशी ऐकवली गेली होती.

स्पर्धेच्या रंगमंचापर्यंत ही गाणी येण्यापूर्वी मध्ये एक पायरी आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातील एका कलमाने अशी मुभा दिली होती की मूळ ध्वनिमुद्रण होऊन ठरावीक मुदत लोटल्यावर, रीतसर सूचना देऊन व मानधनाचा भरणा करून, तेच गाणे दुसऱ्या कोणाकडून गाऊन घेता येईल. १९८० नंतरच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि टी-सीरिजने या सवलतीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करून जुनी हिंदी गाणी नव्या गायकांच्या आवाजात घरोघर पोहोचवली. महंमद रफींची गाणी अशा रीतीने गाणाऱ्यांत सोनू निगम हे एक होते, आणि १९९५ साली झी टीव्हीवर गजेंद्र सिंह यांच्या दिग्दर्शनाखाली 'सा रे ग म' सुरू झाले तेव्हा त्याचे सूत्रसंचालन त्यांच्याकडेच आले. त्याआधी दोन वर्षे त्याच वाहिनीवरील 'अंताक्षरी'ने जुन्या गाण्यांची स्मृती हा खेळाचा विषय करून ठेवला होता, तर १९९६ साली दूरदर्शनवरील 'मेरी आवाज सुनो' या स्पर्धेतून सुनिधी चौहान पुढे आल्या. म्हणजे भारतीय दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा जन्मली तीच जुन्या गाण्याच्या अंगणात.

तथापि प्रेक्षकांची आवड आणि वाहिन्यांची सोय एवढ्याने हा प्रश्न निकालात निघत नाही. जुने गाणे स्पर्धेस अनुकूल का ठरते, याचे एक कारण त्या गाण्याच्या घडणीतच आहे. त्या काळच्या भावगीतामागे हार्मोनियम, बासरी, सतार, व्हायोलिन, तबला अशी मोजकी वाद्ये असत, आणि तीही आवाजाला वाट देऊन बाजूला होत. त्यामुळे गाणाऱ्याचा स्वर किंचित ढळला, सम हुकली, जोडाक्षर फुटले किंवा श्वास चुकीच्या जागी घेतला गेला, तर ते लपविण्यास आडोसा उरत नसे. फडक्यांच्या चालीत शब्दाचा उच्चार हीच अर्धी परीक्षा असते. खळ्यांच्या चाली ऐकताना अत्यंत सोप्या भासतात, पण गाऊ लागल्यावर कळते की ओळ ज्या ठिकाणी सुरू होईल असे वाटले होते तेथे ती सुरूच होत नाही, आणि दोन स्वरांमधली मींड जरा घाईने घेतली की सगळा भाव निघून जातो. हृदयनाथ मंगेशकरांच्या रचनांतील स्वरांच्या दूरदूरच्या झेपा तर भल्या भल्या गळ्यांना पेलत नाहीत. परीक्षकाला असे गाणे हाती आले म्हणजे निवाड्यासाठी पुरावाच मिळतो. शिवाय मूळ ध्वनिमुद्रण परीक्षक, प्रेक्षक आणि वादक या तिघांच्याही कानांत असल्यामुळे तुलनेचे एक सर्वमान्य प्रमाण तयार असते. आजचे पुष्कळसे चित्रपटगीत संगणकावर थरावर थर चढवून रचलेले असते, गायकाचा स्वरही तेथे यंत्राने सरळ केलेला असतो, आणि त्या गीताची खरी नजाकत नादाच्या त्या एकत्रित रचनेत असते. तो थर काढून घेऊन नुसती चाल रंगमंचावर उभ्या असलेल्या एकट्या मुलाच्या स्वाधीन केली, तर गाण्यावर आणि मुलावर दोघांवरही अन्याय होतो. नव्या संगीताचा कमीपणा यातून सिद्ध होत नाही. स्पर्धेचा साचाच एका विशिष्ट काळातील गाण्याच्या मापाने कापलेला आहे, इतकेच सिद्ध होते.

या मापाची आणखी एक बाजू मला फार अस्वस्थ करते. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे, आणि त्या काळच्या कवी-संगीतकारांनी मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले वाद्यसंगीत यांची बांधणी त्या मर्यादेत अशा काटेकोरपणे केली की त्यात एक ओळही फालतू राहिली नाही. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत या तीन मिनिटांचेही दोन होतात, आणि कात्री लागते ती नेमकी अखेरच्या अंतऱ्यास. आता मराठी भावकवितेची रीत ज्यांना ठाऊक आहे ते जाणतात की पहिल्या कडव्यात जे केवळ निसर्गाचे चित्र असते त्याला दुसऱ्यात माणूस लाभतो आणि अर्थाचे वळण बहुधा शेवटच्या कडव्यात येते. ते कडवे गाळले की उरते ती एक गोड चाल. लहान मुलांची एक संपूर्ण पिढी ही गाणी अशा अपुऱ्या स्वरूपात पाठ करीत मोठी झाली आहे, आणि तिच्या शिक्षकांनी निदान घरच्या तालमीत तरी सगळी कडवी बसवून घ्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रेक्षक या गाण्यांकडे किती आपुलकीने आणि किती हक्काने पाहतो, याचे प्रत्यंतर मे २०२१ मध्ये आले. 'इंडियन आयडल'च्या बाराव्या पर्वातील किशोरकुमारांना वाहिलेल्या भागावर प्रेक्षकांनी सार्वजनिक रीत्या नाराजी प्रकट केली, आणि त्या भागास पाहुणे म्हणून उपस्थित असलेल्या अमितकुमार यांनीही आपणास तो रुचला नाही हे पुढे स्पष्टपणे सांगितले. त्या रोषात कठोरपणा होता हे खरे. परंतु ज्या समाजाला आपली गाणी कशीही गायिलेली चालतात त्या समाजापेक्षा असा रोष धरणारा समाज मला अधिक आशादायक वाटतो.

माझी तक्रार जुन्या गाण्याच्या प्रेमाविषयी नाही. ते प्रेम फार अरुंद झाले आहे, ही माझी तक्रार आहे. पर्वामागून पर्वे जातात, वाहिन्या बदलतात, पण निवड फिरून फिरून त्याच काही ठराविक गाण्यांवर येऊन थांबते. दशरथ पुजारी, वसंत प्रभू, केशवराव भोळे, मास्तर कृष्णराव यांच्या रचनांचे दफ्तर बहुतांशी उघडलेच जात नाही. त्यातही गाणे ओळखले जाते ते गायकाच्या नावाने: हे लताबाईंचे, हे आशाबाईंचे, हे बाबूजींचे म्हणजे सुधीर फडक्यांचे. कवीचे नाव पडद्यावर उमटते न उमटते तोच नाहीसे होते. एके काळी आरती प्रभूंच्या काव्यसंग्रहाचे नाव धारण करणाऱ्या 'नक्षत्रांचे देणे' या कार्यक्रममालिकेने एकेका कवीस किंवा संगीतकारास संपूर्ण सायंकाळ देऊन या निर्मात्यांचा गौरव केला होता, आणि तोही याच दूरचित्रवाणीवर केला होता. म्हणजे हे माध्यम ते कार्य करण्यास असमर्थ आहे असे म्हणता येत नाही. २०१२च्या कायदेदुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा त्यांच्याकडून करारान्वये काढून घेता येणार नाही अशी तरतूद केली, आणि त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आग्रह धरला. कायद्याने जे नाव जमाखर्चाच्या वहीत चढवले ते रसिकांच्या जिभेवर चढवण्याचे काम मात्र अजून कोणी हाती घेतलेले नाही.

२०२१ साली लिटिल चॅम्प्सचे नवे पर्व आले, तेव्हा २००८च्या त्या पाचही मुलांना परीक्षकांच्या आसनांवर बसवण्यात आले. बारा-तेरा वर्षांत परंपरेचा धागा एका पिढीकडून दुसरीकडे गेला, हे पाहून ज्यांना आनंद झाला त्यांत मी होतो. पण त्या अवधीत अशा स्पर्धांनी स्वतः होऊन किती कवींकडून नवे गीत मागवले, किती तरुण संगीतकारांना त्या गुणी मुलांच्या गळ्यासाठी चाल बांधण्यास सांगितले? वाहिन्यांपाशी आज जेवढी साधने आहेत त्यांच्या एका अल्प अंशावर पुणे केंद्राने छप्पन्न गीते उभी केली होती. प्रत्येक पर्वात एक संपूर्ण फेरी नव्याने लिहिलेल्या मराठी गीतांची असावी, त्या गीताचा कवी व संगीतकार त्या रात्री रंगमंचावर उपस्थित असावेत, आणि गाणे चालू असेपर्यंत त्या दोघांची नावे पडद्यावरून हलू नयेत, एवढी तजवीज करण्यास वेगळ्या निधीची गरज नाही. ती पुढील पर्वाच्या पहिल्याच आठवड्यापासून करता येईल.