एक जागा रिकामी हवी!

लक्ष्मी रस्त्यावर साडी घ्यायला पंधरा मिनिटे लागली आणि गाडी लावायला चाळीस, असे मी सांगितले तर त्यात अतिशयोक्ती एवढीच, की साडी पंधरा मिनिटांत कधीच होत नाही! सौ.ला दुकानाशी सोडायचे आणि आपण पेठांतल्या गल्ल्यांतून प्रदक्षिणा घालायच्या. ‘पी-वन’, ‘पी-टू’च्या पाट्या वाचायच्या, आज तारीख सम की विषम ते आठवायचे. हातात किल्ली घेऊन कुणी चालताना दिसला की त्याच्यामागे गाडी हळूहळू सरकवायची. तो नेमका पुढच्या दुकानात शिरतो.

२०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोला मुलाकडे गेलो होतो. हेज व्हॅली नावाच्या गजबजलेल्या भागात तो आम्हाला जेवायला घेऊन गेला. हॉटेलसमोर एक जागा चक्क रिकामी होती. मी म्हटले, ‘‘अरे, लाव की इथेच!’’

‘‘इथे महाग आहे, बाबा. आपल्याला घाई नाही. दोन चौक पुढे लावू, तिथे स्वस्त आहे,’’ तो मोबाइलवर दर बघत म्हणाला.

‘‘एकाच पालिकेचे दोन दर? आणि रस्त्यावर उभे राहायचे पैसे कसले?’’ माझ्यातला पुणेकर जागा झाला.

मग जेवताना त्याने सगळे समजावले. तिथल्या वाहतूक खात्याने २०११ मध्ये ‘एसएफपार्क’ नावाचा प्रयोग सुरू केला होता. सुमारे सात हजार जागांखाली रस्त्यात संवेदक पुरले होते. गाडी उभी आहे की नाही, हे ते कळवत. दोन चौकांमधल्या पट्ट्यात सरासरी ८० टक्क्यांहून अधिक जागा भरलेल्या राहिल्या, तर दर ताशी २५ सेंटने वाढे. ६० ते ८० टक्के भरल्या, तर दर तोच राही. त्याखाली गेल्यास २५ सेंटने आणि ३० टक्क्यांच्याही खाली गेल्यास ५० सेंटने उतरे. सकाळ, दुपार, संध्याकाळचे दर निराळे. बदल मात्र रोज नव्हे, काही आठवड्यांनी होई.

या विचारामागचे ठळक नाव म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप. २०२५ मध्ये ते गेले. तिथल्या वेस्टवूड भागातल्या अवघ्या पंधरा पट्ट्यांत केवळ जागा शोधण्यासाठी गाड्या वर्षाला सुमारे साडेनऊ लाख मैल फिरतात, असा हिशेब त्यांनी मांडला होता. फुकट जागेचीही किंमत असतेच. ती आपण पेट्रोल, धूर आणि वेळ यांत मोजतो, एवढेच. त्यांचे उत्तर साधे होते : दर असा ठेवा, की प्रत्येक पट्ट्यात एक-दोन जागा नेहमी रिकाम्या सापडाव्यात.

गंमत म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत सरासरी दर वाढला नाही, उतरला. २०१४ च्या अहवालानुसार मीटरचा ताशी सरासरी दर २.६९ डॉलरवरून २.५८ वर आला आणि जागा शोधण्याचा वेळ ४३ टक्क्यांनी घटला. रस्त्यातले संवेदक २०१३ च्या अखेरीस बंद केले गेले. मीटरवर जमा होणाऱ्या पैशांवरूनच गर्दीचा अंदाज बांधता येऊ लागला. २०१८ पासून ही पद्धत शहरातल्या सगळ्या मीटरना लागू झाली.

तरी माझे मन पुरते मानत नव्हते. पैसेवाला दारात गाडी लावणार आणि दुकानात बारा तास उभा राहणारा नोकर स्कूटर कुठे लावणार? हा प्रश्न खोटा नाही. त्याच्यासाठी चांगली बस आणि थोडी लांब पण स्वस्त जागा हवीच.

पण गेल्या वर्षी सौ.च्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. तपासणीला नेले, तर दवाखान्यासमोर दिवसभरासाठी लावून ठेवलेल्या गाड्यांची रांग. तिला रस्त्यातच उतरवले. मागून हॉर्न वाजू लागले, म्हणून मला पुढे जावे लागले. आरशात पाहिले, तर ती काठी टेकत, दुचाक्यांमधून वाट काढत एकटीच चालली होती. त्या दिवशी ‘फुकट’ जागेची किंमत तिने मोजली.

मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केले, तेही मोजक्या रस्त्यांपुरते. विरोध भरपूर झाला. आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींतही ‘‘पैसे जाणार कुठे?’’ हाच सवाल होता, आणि तो रास्त आहे. पॅसाडेनात १९९३ मध्ये जुन्या बाजारपेठेत मीटर बसवले, तेव्हा त्यांचे उत्पन्न त्याच बाजाराच्या पदपथांवर, दिव्यांवर आणि स्वच्छतेवर खर्च केले गेले. लोकांना पैसे देताना दिसले आणि परत येतानाही दिसले.

माझ्याही अटी दोनच. गर्दी नसेल तेव्हा दर उतरला पाहिजे आणि जमलेला पैसा त्याच रस्त्यावर दिसला पाहिजे. एवढे झाले, तर मी मुकाट्याने पैसे देईन आणि दोन चौक लांब गाडी लावून चालत येईन. दारातली ती एक जागा रिकामी राहू दे. काठी टेकत कुणीतरी येत असेल.