जॉन गलार्डी : लहान महाविद्यालयातील एका फुटबॉल प्रशिक्षकाची कारकीर्द

प्रस्तावना :
अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलहून सर्वस्वी भिन्न खेळ आहे. लंबगोल चेंडू हाती घेऊन धावणाऱ्या खेळाडूस अंगाने धडकून खाली पाडणे, हे त्यातील प्रमुख कौशल्य. साहजिकच त्याच्या सरावात कठोर शिस्त व शारीरिक क्लेश अपरिहार्य मानले गेले. या समजास छेद देणाऱ्या जॉन गलार्डी (१९२६–२०१८) यांच्या कार्याचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

कारकीर्द :
कोलोरॅडो राज्यातील ट्रिनिडाड येथे गलार्डी यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, त्यांच्या शाळेचे प्रशिक्षक सैन्यात गेले व संघाची धुरा सोळा वर्षांच्या या विद्यार्थ्याने उचलली. १९४९ ते १९५२ या काळात ते माँटाना राज्यातील कॅरोल महाविद्यालयात प्रशिक्षक होते. १९५३ पासून २०१२ पर्यंत त्यांनी मिनेसोटातील सेंट जॉन्स या लहान संस्थेतच कार्य केले. एकूण ६४ हंगामांत ४८९ विजय, १३८ पराभव व ११ बरोबरी अशी त्यांची नोंद आहे. २००३ मध्ये त्यांनी एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मागे टाकला. १९६३, १९६५, १९७६ व २००३ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या संघाने मिळविली. ही संस्था ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळते, तेथे क्रीडा शिष्यवृत्ती देता येत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल.

प्रशिक्षणपद्धती :
गलार्डी यांची पद्धती नकारांवर उभी होती. सरावात शिट्टी नाही, खेळाडूस खाली पाडणे नाही, इच्छुक विद्यार्थ्यास संघातून वगळणे नाही. खेळाडू त्यांना केवळ 'जॉन' म्हणत. सराव सुमारे दीड तासाचा असे. यामागील विचार सरळ होता : सरावात जायबंदी झालेला खेळाडू सामन्यास मुकतो, म्हणून सरावाचा वेळ डावपेच अचूक बसविण्यासाठी द्यावा. पुढे मेंदूस होणाऱ्या इजांची चर्चा वाढली आणि २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या प्रशिक्षकांनीही हंगामातील सरावातून पाडापाडी वगळण्याचा निर्णय घेतला.

समारोप :
एका व्यक्तीच्या यशावरून सार्वत्रिक सिद्धान्त मांडता येणार नाही. तथापि, आपण अध्यापनात जी कठोरता जोपासतो, तिच्यातील किती शिकण्यास उपकारक आहे व किती केवळ परंपरेने आलेली आहे, हा प्रश्न ही कारकीर्द प्रत्येक प्राध्यापकापुढे ठेवते.