कार्ब्युरेटर काढायचा? जरा थांबा!

थंडीत चोक ओढून दहा किका मारल्या की वाटतेच, जुन्या मोटारसायकललाही फ्युएल इंजेक्शन बसवावे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पण नुसता इंजेक्टर बसवून भागत नाही. दाब देणारा पंप, सेन्सर आणि पेट्रोलचा हिशेब ठेवणारा छोटा संगणकही लागतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल टाकीतून आपसूक उतरते. पंपाला मात्र सतत वीज हवी. जुन्या गाडीची वीज पुरेलच असे नाही. बॅटरी उतरली, तर रात्री घाटात किका मारूनही गाडी बहुधा ढिम्मच! जेट तुंबला तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक तो फुंकून साफ करतो. बिघडलेला संगणक कोण फुंकणार? तेव्हा आधी कार्ब्युरेटर साफ करून पाहा, प्लगही बदला. पुष्कळदा तेवढ्यानेच किका कमी होतात.