कुत्रा चावल्यावर आत काय घडते? रेबीजच्या विषाणूची गोष्ट

वस्तीत एखाद्या पोराला कुत्रा चावला की पहिली दहा मिनिटे सल्ल्यांत जातात. कुणी चुना लावा म्हणतो, कुणी तिखट भरा म्हणतो, कुणाला गावचा भगत आठवतो. जखम लहान असली तर "ओळखीचाच कुत्रा आहे, काही होत नाही" म्हणून विषय तिथेच मिटतो. आणि मित्रांनो, पुढचे महिना-दोन महिने बहुधा खरोखरच काही होत नाही. फसगत होते ती याच शांत काळात. त्या काळात आत काय चाललेले असते ते समजून घ्यायचे, तर आधी विषाणू म्हणजे काय ते पाहावे लागेल.

जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, ही एक पूर्ण पेशी असते. ती खाते, वाढते, स्वतःच दुभंगून एकाच्या दोन होते. विषाणूला यातले काहीच जमत नाही. रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, लांबी सुमारे 180 नॅनोमीटर. एका मिलिमीटरच्या रेघेत असे पाच हजारांहून जास्त मावतील. आत आरएनएचा एक धागा, त्यावर फक्त 5 प्रथिने बनवण्याच्या सूचना. बाहेर चरबीचे पातळ आवरण आणि त्यावर प्रथिनांचे काटे. झाले. पेशीबाहेर तो म्हणजे चिठ्ठी घातलेले बंद पाकीट. म्हणून त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. ती औषधे जिवाणूची भिंत किंवा त्याची प्रथिने बनवणारी यंत्रणा मोडतात. विषाणूकडे मोडण्यासारखे यातले काही नसतेच. कुत्रा चावल्यावर डॉक्टर अँटिबायोटिक देतात ते जखमेत पू होऊ नये म्हणून, रेबीजसाठी नव्हे.

लाळेतून हे पाकीट जखमेत पडते. त्याचे काटे स्नायूच्या आणि मज्जातंतूच्या पेशीवर बरोबर बसतात आणि पेशी फसून त्याला आत ओढून घेते. आत गेल्यावर आवरण गळते, आरएनए मोकळा होतो. पण तो उलटा लिहिलेला असतो, फोटोच्या निगेटिव्हसारखा. आपल्या पेशीला तो वाचता येत नाही. म्हणून विषाणू एक खास प्रथिन सोबत घेऊनच येतो. ते निगेटिव्हवरून सरळ प्रती काढते. पुढचे काम पेशीच करते: स्वतःचा कच्चा माल, स्वतःची ऊर्जा खर्चून ती विषाणूची प्रथिने बनवत राहते. आरएनएच्या नव्या प्रती निघतात, प्रथिने त्यांच्याभोवती गुंडाळली जातात आणि नवा विषाणू बाहेर पडताना पेशीच्याच पडद्याचा तुकडा अंगावर पांघरून निघतो. 1903 साली आदेल्की नेग्री यांना रेबीजने मेलेल्या प्राण्यांच्या मेंदूपेशींत बारीक ठिपके दिसले होते. ते या प्रती काढण्याचे कारखाने होते, हे कळायला पुढे शंभरावर वर्षे गेली.

मज्जातंतूंच्या आत माल वाहून नेणारी प्रथिने सतत ये-जा करत असतात. विषाणू त्यांच्यावर बसून मेंदूकडे निघतो. रक्तात फारसा उतरत नाही, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना सुगावा लागत नाही. पायाला चावा असेल तर वाट लांब, चेहऱ्याला असेल तर अगदी जवळची. मेंदूत पोहोचला की तिथे भरमसाट वाढतो आणि लाळग्रंथींत उतरतो. मग पाणी पाहून घशाला आचके येतात. तिथून पुढे माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

ही वाट लांब असते, म्हणूनच चावा झाल्यानंतर दिलेली लसही कामी येते. 1885 च्या जुलैत लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या 9 वर्षांच्या मुलाला लस दिली ती कुत्रा चावल्यानंतरच, आणि तो जगला. लशीमुळे शरीर त्या काट्यांना घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे बनवते. काटे झाकले गेले की पेशीचे दार उघडत नाही. पण प्रतिपिंडे बनायला आठवडा-दीड आठवडा लागतो. म्हणून रक्त आलेल्या जखमेत तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही द्यावे लागते. ते आवर्जून मागा.

आणि साबण! विषाणूचे आवरण चरबीचे असते, साबणाने ते फाटते. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम 15 मिनिटे धुवायची, घड्याळ लावून. तिखट-चुन्याने आवरण फाटत नाही, जखम मात्र चिघळते.

कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवा असे सांगतात, त्यामागेही हेच गणित आहे. लाळेत विषाणू आला म्हणजे तो कुत्र्याच्या मेंदूत आधीच पोहोचलेला असतो; असा कुत्रा त्या मुदतीत मरतोच. मात्र तोवर लस थांबवायची नाही, पहिला डोस त्याच दिवशी.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून घराघरांत आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस देशात 20 वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा टोचतात, सरकारी रुग्णालयात मोफत. संशयित जनावराने चावलेल्या दर 10 जणांत साधारण 4 जण 15 वर्षांखालची मुले असतात. त्यातली कित्येक त्या जुन्या सुईच्या किंवा घरच्या माराच्या भीतीने चावा लपवतात.